मागून आलेली हाक

मंगळवार, ३ मार्च. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं.

जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरून मायक्रोफोनच्या वायरीला डाग देत होतो. पहिला डाग वर्तमानपत्रालाच बसला. दुसरा जागेवर बसला, म्हणून ही वही उघडली. तंत्रशाळा दुसऱ्या वर्षी सोडली तेव्हा नक्की काय बिनसलं हे मला कुणालाच क्रमाने सांगता आलं नव्हतं. या वेळी जे होईल ते क्रमाने लिहून ठेवणार आहे, जमलं तरी आणि फसलं तरी.

काम असं आहे. मी ज्यांच्याकडे राहतो ते माझे काका कौलांच्या कारखान्यात ठोकणीला असतात. भट्टीतून निघालेलं प्रत्येक कौल डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचं, लाकडी हातोडीने हलका टोला द्यायचा आणि ऐकायचं. खणखणीत वाजलं तर उजवीकडच्या रचणीत, बद्द वाजलं तर डावीकडच्या ढिगात. काकांचा अर्धा जन्म यात गेला.

आता मालकीणबाईंना एका कंपनीने तयार यंत्र दाखवलं आहे. ते स्वतःच ठोकतं आणि स्वतःच ऐकतं. ते आलं की ठोकणीचं खातं बंद आणि काका घरी. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. काकांनी बाईंना सांगितलं की आमचा पुतण्या एक पेटी करतोय, ठोकीन मी, ऐकेल पेटी, चांगल्याला हिरवा दिवा आणि तडकलेल्याला लाल. बाईंनी सत्तावीस मार्चपर्यंत थांबायचं कबूल केलं.

एक गोष्ट मला कळत नाही. काका झोपेतसुद्धा तडा ऐकतात असं कारखान्यात म्हणतात. मग त्यांना ऐकणारी पेटी कशाला हवी? काकूला विचारलं, तर ती भांडी पुसत म्हणाली, "त्यांना हवी आहे ना? मग कर."

गुरुवार, ५ मार्च.

पेटीसाठी लिहिलेला संगणकाचा कार्यक्रम चालतो! रेकॉर्ड करून आणलेल्या आवाजांपैकी एकही चुकला नाही. आनंद दहा मिनिटं टिकला. कारखान्यातला संगणक माझ्याहून थोडाच लहान असेल. त्यावर एका टोल्याचा हिशेब व्हायला तीन सेकंद लागतात, आणि काका दर दोन सेकंदांनी कौल ठोकतात. म्हणजे पेटी सांगेपर्यंत ते कौल केव्हाच रचणीत गेलेलं असणार. नवा संगणक घ्यायला बाई आधी पेटी चाललेली बघणार, आणि पेटी चालायला नवा संगणक हवा. आधी लगीन कुणाचं?

शनिवार, ७ मार्च.

आज मला जागेवर बसवेना. पाऊण सेकंद! तीन सेकंदांचं काम पाऊण सेकंदात!

प्रोसेसरमध्ये व्हेक्टर सूचना नावाचा प्रकार आहे. साधी सूचना एका वेळी एक आकडा उचलते, व्हेक्टर सूचना चार आकडे एकदम उचलते. कारखान्यात चार कौलं एकदम उचलायचा लोखंडी चिमटा आहे, तसंच. अट इतकीच की ते चार आकडे मेमरीत नेमक्या खुणेवर ठेवलेले असावेत, म्हणजे त्यांचा पत्ता सोळाच्या पटीत असावा. पुस्तकातलं हे वाक्य मी पट्टी लावून अधोरेखित केलं आणि पुढे गेलो.

धावत अंगणात गेलो. काका गेटकडे पाठ करून खुर्चीत बसले होते, चपलांना पॉलिश करत. मी मागूनच सगळं सांगून टाकलं, चिमट्याच्या उदाहरणासकट. त्यांनी मानही वळवली नाही. ब्रश चालूच. बहुधा रागावले असावेत. आपण ज्या कानावर नाव कमावलं तेच काम हा पोरगा पेटीला शिकवतोय, असं वाटणं साहजिक आहे. मी आत आलो. काकू म्हणाली, "समोर जाऊन सांग. त्यांना मागून बोललेलं चालत नाही, माहीत आहे ना?"

माहीत आहे. मी आल्यापासून या घराचा तो नियम आहे. पण इतकी चांगली बातमी असली तरी?

समोर जाऊन पुन्हा सांगितली. तेव्हा मात्र त्यांनी ब्रश खाली ठेवला, माझ्या तोंडाकडे टक लावून शेवटपर्यंत ऐकलं आणि माझा हात हातात घेऊन दाबला. पॉलिशचा काळा ठसा अजून मनगटावर आहे. धुतलेला नाही.

सोमवार, ९ मार्च.

फजिती. कारखान्यात मायक्रोफोन जोडला, काकांनी पहिला टोला दिला, आणि पडद्यावरची खिडकी गायब. चुकीचं उत्तर नाही, तक्रार नाही, कार्यक्रमच मेला. पुन्हा चालू केला, पुन्हा टोला, पुन्हा मेला. तेच आवाज रेकॉर्डिंगमधून दिले तर शहाण्यासारखा चालतो.

भट्टीवर जो माणूस आहे त्याला सगळे धुरंधर म्हणतात, कारण तो दिसण्याआधी त्याच्या अंगावरचा धूर येतो. तो दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "पेटीमास्तर, तुमची पेटी सूर धरायच्या आधीच मान टाकते की." सगळे हसले. काका हसले नाहीत. ते माझ्याकडेच बघत होते.

गुरुवार, १२ मार्च.

कधी चालतो, कधी नाही. मंगळवारी एकदाही नाही. काल सकाळी सुरू केला तो थेट जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालला. मी सगळ्या परिस्थितीची नोंद केली: खिडकी बंद होती, पंखा संगणकानंतर लावला होता, मी निळा शर्ट घातला होता. आज निळा शर्ट घातला, खिडकी बंद केली, पंखा नंतर लावला. मेला. धुरंधरने सुचवलं की मोजेही कालचेच घालून बघ.

काल चालला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. काकांना चहाला पाठवून मी स्वतः ठोकून पाहिलं, तर चांगल्या कौलालाही लाल दिवा. धुरंधरने ठोकलं, कधी लाल, कधी हिरवा. काका आले आणि तेच कौल ठोकलं, तर हिरवा, दहा वेळा ठोकलं तरी हिरवा. त्यांचा टोला दर वेळी त्याच जागी, त्याच जोराने पडतो. माझा टोला माझ्या मनासारखाच आहे, आज इथे तर उद्या तिथे. त्या बिचाऱ्या पेटीला आवाज कौलाचा आहे की माझ्या धांदलीचा, हे कसं कळणार?

शनिवार, १४ मार्च.

पेटीचं जमत नाही, निदान घरातलं एक काम तरी मार्गी लावलं. स्वयंपाकघरातला दिवा मिचकावतो. मी बरेच दिवस बघतोय. वेळ ठरलेली, जेवण तयार झालं की दोन-तीनदा मिचकावतो आणि थांबतो. शेगडीची आच वायरीपर्यंत जात असेल असा अंदाज केला. वायर ठीक निघाली. बटण मात्र ढिलं होतं, नुसतं बोट लागलं तरी खाली-वर व्हायचं. ते काढून नवीन घट्ट बटण बसवलं. आता ते दाबायला अंगठ्याचा पूर्ण जोर लागतो.

काकूला वाटलं होतं तेवढा आनंद झाला नाही. ती बटणाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "चांगलं केलंस." दिवा आता मिचकावत नाही.

मंगळवार, १७ मार्च.

दोन दिवस फुकट आणि एक शोध.

पुस्तकात आहे की व्हेक्टर सूचनांचा एक सैल प्रकारही असतो, त्याला आकडे खुणेवर नसले तरी चालतात. मी माझ्या सगळ्या सूचना सैल केल्या. काकांना टोला द्यायला लावला. मेला! कारण मी लिहिलेल्या सूचना सैल झाल्या, पण माझा मजकूर यंत्रभाषेत उतरवणारा कंपायलर स्वतःच्या सोयीने मधले आकडे स्टॅकवर ठेवतो, आणि ते कडक सूचनेनेच ठेवतो. स्टॅक म्हणजे कामापुरते आकडे ठेवायची जागा. कौलांची चळत रचतात तसे एकावर एक ठेवायचे, वरून काढायचे.

मग मी कार्यक्रमाला सांगितलं, मरायच्या आधी स्टॅकचा पत्ता लिहून जा. हे पत्ते सोळाच्या आकडेमोडीत लिहितात, त्यामुळे शेवटचा अंक शून्य असेल तर पत्ता खुणेवर. रेकॉर्डिंग दिलं, शून्य. पुन्हा दिलं, शून्य. मायक्रोफोन लावला, शेवटी चार. मेला. बंद करून चालू केलं, आठ. मेला. नंतर एकदा शून्य आला, तेव्हा चालला.

म्हणजे निळ्या शर्टाचा काही संबंध नाही. चळत कधी नशिबाने खुणेवर लागते, बहुतेक वेळा लागत नाही. दोष दिसला! माझ्याच कार्यक्रमातून सुरुवात झाली तर सगळं खुणेवर असतं. मायक्रोफोन लावला की वाकडं होतं. ते का, ते अजून नाही कळलं. पण आता मी आंधळा तरी नाही.

गुरुवार, १९ मार्च.

का ते कळलं. कळून काही उपयोग झालेला नाही.

आवाज आला की ध्वनिकार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा कार्यक्रम, माझ्या कार्यक्रमाला हाक मारतो. तो ड्रायव्हर दुसऱ्याच कुणी, कधीकाळी लिहिलेला. त्याच्या वेळी सोळाची अट नव्हती, तो चारच्या पटीवर खूश. माझा कंपायलर मात्र धरून चालतो की आत येणारा प्रत्येक जण सोळाच्या खुणेवर पाय ठेवूनच येणार. हाक मारणाऱ्याला नियमच माहीत नाही. ड्रायव्हर मला बदलता येत नाही. व्हेक्टर सूचना काढल्या तर पुन्हा तीन सेकंद.

बाईंनी विचारलं, कुठवर आलं. मी म्हटलं, होत आलं. काका शेजारीच होते, त्यांनी माझ्या ओठांकडे बघून मान हलवली, जणू माझं खोटं त्यांनाही खरं करायचं होतं.

शनिवार, २१ मार्च.

जमलं! जमलं!

सकाळी काका अंगणात नेहमीच्या जागी बसले होते, गेटकडे पाठ, हातात चहा. आज दूधवाला बदली होता. त्याने गेटातून हाक दिली, दोनदा, तीनदा. मग आत येऊन काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका असे दचकले की कप फरशीवर. दूधवाला बिचारा माफी मागत सुटला. मी त्याला घराचा नियम समजावून सांगायला लागलो की आमच्याकडे काकांना मागून हाक मारायची नसते, समोरून यायचं.

काकू कपाचे तुकडे गोळा करत होती. म्हणाली, "अरे, त्याला काय सांगतोस? उद्या तिसराच कुणी येईल. येणाऱ्या प्रत्येकाला कुठवर शिकवायचं?" आणि उठून तिने काकांची खुर्चीच फिरवून गेटाकडे तोंड करून ठेवली. "आता कुणी कसाही येवो."

मी दुधाचं पातेलं तिथेच ठेवून आत पळालो.

ड्रायव्हरला शिकवायचं नाहीच. खुर्ची फिरवायची! हाक जिथे आत येते, त्या एकाच दारावर, काम सुरू व्हायच्या आधी चळत स्वतः उचलून सोळाच्या खुणेवर ठेवायची. काम संपलं की पाहुण्याची चळत होती तशी परत. पुस्तक चाळलं, तर कंपायलरला हे सांगायची सोय आधीपासूनच आहे. एक शब्द. हाक घेणाऱ्या त्या एका फलनाच्या, म्हणजे फंक्शनच्या, डोक्यावर एक शब्द लिहायचा, बस्स. तीन वेळा तपासून लिहिला.

कारखान्यातला तोच ड्रायव्हर घरच्या संगणकावर चढवून मायक्रोफोन लावला, टेबलावर ताटली ठोकली. चालला. बंद करून चालू केला. चालला. काकू म्हणाली की ताटलीला पोचे येतील. येऊ देत. बाहेर जाऊन काकांच्या समोर उभा राहिलो आणि हाताने चार कौलांचा चिमटा करून दाखवला, उचलला, बरोब्बर ठेवला. ते लहान पोरासारखे हसले.

मंगळवार, २४ मार्च.

पेटी कालपासून अखंड चालू आहे. खिडकी उघडी, पंखा आधी, शर्ट पांढरा. धुरंधर म्हणाला की पेटीमास्तरांची पेटी आता काळी चारमध्ये लागली. काकांचा हात आणि पेटीचा दिवा यांत एकदाही मतभेद नाही. बाई दोनदा डोकावून गेल्या.

दुपारी दिव्याची वायर निखळली. पेटी पडद्यावर सांगत होती, पण दिवा अंधारा. काकांनी टोला दिला. कौल बद्द वाजलं, दारातल्या धुरंधरलासुद्धा कळलं. काका मात्र ते बोटांवर धरून उभे. उजवीकडे नाही, डावीकडे नाही. नुसते दिव्याकडे बघत. मी वायर खोचली, लाल लागला, तेव्हा त्यांनी कौल ढिगात टाकलं.

पेटीचा इतका मान ठेवायची काय गरज होती? ते कौल तर मलाही

बुधवार, २५ मार्च.

काल मध्येच थांबलो, कारण काकूने जेवायला हाक मारली. मला हाक मारली. मग ती ओले हात पुसत उठली, अंगणात गेली आणि काकांच्या समोर उभी राहून त्यांना हाताने बोलावून आली. पूर्वी ती जागची हलत नसे. ओट्याशी उभी राहूनच बोलवायची.

मी बटणाकडे पाहिलं.

आज दिवसभर मला कुणाशी बोलवेना. काकांशी तर नाहीच, आणि त्यांनीही विचारलं नाही. फक्त कामावरून येताना रस्त्यात मी त्यांच्या मागे चालत होतो, तो पुढे झालो.

शुक्रवार, २७ मार्च.

सगळं क्रमाने लिहितो.

अकरा वाजता मालकीणबाई आल्या, बरोबर त्या कंपनीचा विक्रेता. बाईंनी पन्नास कौलं वेगळी काढून आणली होती, काहींना केसाएवढा तडा. त्या म्हणाल्या की आधी पेटीवर फडकं टाका. काकांनी नुसत्या कानाने निवडावं, मग तीच कौलं पेटी निवडेल, दोन्ही ताडून बघू. काकांचा कान म्हणजे आमचं प्रमाण.

धुरंधरने फडकं टाकलं. मी मध्ये पडलो, म्हणालो की पेटीला फडक्याने उष्णता होते, मग म्हणालो की मायक्रोफोन हलेल. बाई ऐकेनात. काकांना बाईंचं बोलणं कळलं नव्हतं, त्या बाजूला तोंड करून बोलत होत्या. पण फडकं कळलं.

त्यांनी पहिलं कौल उचललं, बोटांवर तोललं, टोला दिला, डोळे मिटले. बोटांना जे समजतं त्यावर त्यांनी एवढे दिवस काढले असणार. कौल उजवीकडे ठेवलं. बरोबर होतं. दुसरंही बरोबर. तिसरं त्यांनी उचललं, ठोकलं, आणि परत खाली ठेवलं. हातोडी त्याच्या शेजारी नीट ठेवली. मग बाईंच्या समोर जाऊन उभे राहिले.

"बाई, माझे कान गेलेत," ते म्हणाले. "दोन वर्षं होतील. जाड तडा बोटांना लागतो, बारीक सुटतो. म्हणून तर पेटी मागितली."

विक्रेत्याने आपली बॅग मांडीवर घेतली आणि उघडली. बाई म्हणाल्या की परत आलेल्या मालाचा दोष मी दोन वर्षं मातीला देत होते, तीन ठिकाणची माती बदलून पाहिली. काकांनी त्यांचे ओठ वाचले आणि मान खाली घातली.

मी कधी कुणासमोर बोलत नाही. पण तोंड आपसूक उघडलं. मी फडकं काढलं आणि बाईंना म्हटलं की तुम्ही ठोका. त्यांनी ठोकलं, लाल. तेच कौल पुन्हा, हिरवा. पुन्हा, लाल. विक्रेत्यालाही ठोकायला दिलं, त्याला दोनदा लाल आणि एकदा काहीच नाही. मी काकांच्या समोर गेलो, हातोडी त्यांच्या हातात दिली आणि तेच कौल दाखवलं. हिरवा. हिरवा. हिरवा. मग सगळी पन्नास. बाई कौलांच्या मागच्या बाजूला आधीच खडूने केलेल्या खुणा तपासत होत्या. केसाएवढा एकही तडा सुटला नाही.

विक्रेत्याने सांगितलं की आमचं यंत्रही एकसारखंच ठोकतं. बाईंनी विचारलं की कौल वेडंवाकडं भाजलं असेल तर ते कुठे तोलून धरायचं हे त्याला कळतं का. त्याने माहितीपत्रक चाळायला घेतलं. धुरंधर मला हळूच म्हणाला, "तोवर आपण एक भट्टी लावू."

बाईंनी निर्णय तिथेच दिला. यंत्र नको. दुसऱ्या रांगेलाही अशीच पेटी, आणि तिथल्या दोघांना टोला काकांनी शिकवायचा. जाता जाता त्या थांबल्या, वळून काकांच्या समोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, "हात तुमचा, कान पेटीचा. पण पुढच्या वेळी मला आधी सांगायचं."

काका म्हणाले, "कान नाही म्हटल्यावर ठोकणीवर कोण ठेवतं, बाई?"

बाई गेल्या त्या समोरूनच, दोन पावलं उलट चालत.

घरी येताना मी काकांना विचारलं की मला तरी का सांगितलं नाही. त्यांनी रस्त्यातच थांबून माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू पेटी सोडून माझीच काळजी करत बसला असतास." हे खरं आहे. मी तसाच आहे.

शनिवार, २८ मार्च.

आज कारखान्याला सुट्टी. सकाळी बाजारात गेलो आणि दुपारी जिना लावून काम केलं. गेटाच्या घंटेला दिवा जोडला. बाहेरून कुणीही घंटा दाबो, दिवा आत काकांच्या खुर्चीसमोर लागतो, म्हणून खुर्ची पुन्हा स्वयंपाकघराकडे तोंड करून ठेवली. काकूने गेटाशी जाऊन उगाचच सात-आठ वेळा घंटा दाबून पाहिली. आतून काका दर वेळी ओरडत होते की आलो, आलो.

हिशेब.

खर्च: मायक्रोफोन आणि वायर ६४०. हिरवा-लाल दिवा १८०. घंटेचा दिवा २२०. नवीन कप ९०. घट्ट बटण ५५, पैसे पाण्यात.

येणं: दुसऱ्या पेटीची उचल, बाई सोमवारी देणार.

देणं: सामानासाठी धुरंधरकडून उसने घेतलेले ३००, उचल मिळाली की. काकूचं एक जुनं ढिलं बटण. ते माझ्या डब्यात होतं, फेकलं नव्हतं. आज परत बसवलं. संध्याकाळी जेवण तयार झालं तेव्हा काकूने दिवा तीनदा मिचकावला आणि काका आत आले. देणं फिटलं.